माझे सपाट तळवे

अण्णा दाढी करताना भाषण वाचायचे. खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा, गालावर साबणाचा फेस, आणि आरशाखाली कपडे वाळत घालायच्या दोन चिमट्यांत अडकवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. एक वाक्य मोठ्यानं वाचायचं, मग वस्तऱ्याचा एक हात फिरवायचा, मग पुढचं वाक्य. आई पाठमोरी बसून पोळ्या लाटत असायची. मध्येच ती म्हणायची, "कापून घ्याल कधीतरी." अण्णा म्हणायचे, "देशासाठी माणसं मान कापून घेतात, हा तर गाल आहे." त्यावर आई तव्यावरची पोळी उलटायची. फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर रोज सकाळी हे ऐकू यायचं, आणि समोरच्या बाजूचे लोक घड्याळ न बघता सांगायचे की साडेसात झाले.

भाषण त्या काळच्या एका राष्ट्रीय नेत्याचं असायचं. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो नाहीतर समोर, आणि मला जे सांगायचं आहे त्यात त्यांची काही चूक नाही. ते शाळा-कॉलेजांतून बोलत फिरायचे आणि थोड्याफार फरकानं तेच मांडायचे. नुसत्या पुस्तकांनी शिक्षण पुरं होत नाही, तरुणांनी निदान वर्ष-दोन वर्षं गणवेशात काढायला हवीत. सुरक्षा हे एकट्या सीमेवरच्या जवानाचं काम नाही, ते घरातून सुरू होतं. आणि ज्या घरातून कोणीच सैन्यात जात नाही, त्या घरानं सुरक्षित झोपेची अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची. हा शेवटचा मुद्दा अण्णांना फार लागायचा, कारण आमच्या घराण्यात कोणी कधी काठीसुद्धा उचललेली नव्हती. आजोबा कारकून, अण्णा गोदीच्या कचेरीत कारकून, दोन्ही काका कारकून. घरात शस्त्र म्हणून म्हणायचं तर विळी होती.

आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत फिलूमावशी राहायची. फिलोमिना तिचं नाव, पण चाळीनं ते कापून फिलू करून टाकलं होतं. मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबातली. तिचं मराठी आमच्यापेक्षा जुनं आणि ओबडधोबड होतं, आणि फार गोड वाटायचं. नवरा जॉनकाका छापखान्यात खिळे जुळवायचा, मुलगी तेरेसा माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. फिलूमावशीच्या दारावरून जाताना बाटलीतल्या मसाल्याचा वास यायचा. उन्हाळ्यात ती आणि तिच्या बहिणी मिळून मसाला कांडायच्या आणि मग वर्षभर तो बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत दाबून भरलेला असायचा.

पण चाळीत तिला मान होता तो दुसऱ्याच कारणानं. चाळीत जन्मलेलं प्रत्येक मूल फिलूमावशीच्या पायांवरून गेलेलं होतं. ती मोरीत पाटावर बसायची, पाय लांब करायची, आणि बाळाला नडगीवर पालथं घालायची. कोमट खोबरेल तेल, डाळीचं पीठ, साय. डोकं दोन्ही तळहातांत धरून गोल करायचं, नाक चिमटीत ओढायचं, उजवी टाच डाव्या खांद्याला आणि डावी टाच उजव्या खांद्याला लावायची. शेवटी ती बाळाचा पाय हातात घेऊन तळव्याच्या मधोमध अंगठा दाबायची आणि हळूहळू फिरवायची. चाळीची पक्की समजूत होती की तळव्याला जो खळगा असतो तो फिलूमावशीच्या अंगठ्यानं पडतो. न्हाणं झालं की ओवा आणि वेखंड टाकलेल्या शेगडीची धुरी द्यायची, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि आईच्या कुशीत ठेवायचं. बारशाच्या दिवशी पाळण्याखालून मूल द्यायच्या आधी बाळंतीण तिला साडी-नारळ द्यायची आणि वाकून नमस्कार करायची. ब्राह्मणाची असो की मराठ्याची, सून फिलूमावशीच्या पाया पडायची आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मोठी झालेली मुलं रस्त्यात दिसली की ती त्यांच्याकडे आधी पायांपासून बघायची, मग वर.

माझ्या जन्मानंतर आईला ताप भरला आणि तो महिनाभर उतरला नाही. तो महिना मी फिलूमावशीच्याच खोलीत होतो. आई म्हणायची, "तुला मी जन्म दिला, पण घडवलं फिलूनं." हे ती पुढे म्हणेनाशी झाली, आणि ते का, हेच सांगायला मी बसलो आहे.

मी दहावीत असताना चाळीच्या गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धेचा विषय ठेवला होता तो याच नेत्याचे शिक्षण, सैनिकी सेवा आणि सुरक्षा यांबद्दलचे विचार. विषय अण्णांनीच सुचवला असणार. त्यांनी कात्रणांवरून मला सात मिनिटांचं भाषण लिहून दिलं. महिनाभर मी ते गच्चीवर पाण्याच्या टाकीकडे तोंड करून म्हणत होतो. कुठं थांबायचं, कुठं हात उचलायचा, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. मी चांगला बोलायचो. हे सांगताना मला आज अभिमान वाटत नाही, पण खरं आहे ते आहे. त्या संध्याकाळी खालच्या चौकात सतरंज्यांवर आणि तिन्ही मजल्यांच्या कठड्यांना टेकून सगळी चाळ उभी होती, आणि मी बोलायला लागल्यावर कुठल्यातरी घरातला कुकरही कोणीतरी बंद केला.

आमच्याकडे पद्धत अशी की भाषण संपलं की परीक्षकांनी एक प्रश्न विचारायचा. परीक्षक म्हणून काळाचौकीहून एक निवृत्त सुभेदार आणले होते. बुटका, काटक माणूस. त्यांनी मला विचारलं, "बोललास झकास. तू जाणार का?"

भाषणात हे नव्हतं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पहिल्या रांगेत होते, त्यांचे डोळे भरलेले होते. मी म्हणालो, "हो सर. मी जाणार."

टाळ्या थांबेनात. त्या दिवसापासून मी चाळीचा मेजर झालो. वाणी मेजर म्हणायचा, इस्त्रीवाला मेजर म्हणायचा. नळावर माझी बादली पुढे घ्यायचे. तळमजल्यावरच्या नेनेकाकू, ज्यांनी मला तोवर चेंडू काचेवर मारणारा कार्टा यापलीकडे ओळखलं नव्हतं, त्या संकष्टीला मोदक पाठवायला लागल्या. अण्णा मला पहाटे चौपाटीवर पळायला न्यायचे. ते स्वतः चपला हातात घेऊन वाळूत उभे राहायचे आणि मोजायचे. कोणीतरी त्यांना सांगितलं की सैन्यात जायचं तर अंडी खायला हवीत. आमच्या घरात अंडं येत नव्हतं. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि मग फिलूमावशीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"फिलूबाई, देशाचं काम आहे," ते म्हणाले.

ती म्हणाली, "देशाला किती अंडी लागतात, अण्णा? दोन की तीन?"

दोन वर्षं रोज सकाळी मी तिच्या खोलीत स्टुलावर बसून दोन अंडी खाल्ली. कधी उकडलेली, कधी तव्यावर मसाला टाकून परतलेली. ती समोर बसून मी खाताना बघायची. "खा रे बाला. तिकडं कोन तुला विचारल." मी निघालो की ती मला तोंड धुवायला लावायची, म्हणजे आईला वास येऊ नये. आईला अर्थातच सगळं माहीत होतं.

बारावीत मी सैन्यात अधिकारी होण्याची लेखी परीक्षा पास झालो. चाळीत पेढे वाटले गेले. मग निवडीच्या चाचणीसाठी भोपाळचं बोलावणं आलं. अण्णांनी नवीन बूट घेतले, आईनं शंकरपाळे केले, सुभेदार काळाचौकीहून आशीर्वाद द्यायला आले. फिलूमावशीनं माझ्या गळ्यात काही घातलं नाही, कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि म्हणाली, "तुज्या देवाला राग नाय यायचा."

आता भोपाळला काय झालं ते. ते इतकं साधं आहे की त्याची लाज वाटायचं कारण नव्हतं. पहिल्याच दिवशी आम्हाला एक पुसट चित्र दाखवलं, त्यावर गोष्ट लिहायला लावली आणि मग पंधरा-सोळा मुलांना गोल बसवून चर्चा करायला सांगितली. छातीवर नंबर लावलेले. कोपऱ्यात अधिकारी वह्या घेऊन बसलेले. "सुरू करा" म्हटल्याबरोबर सगळी मुलं एकदम बोलायला लागली. मी हाताची घडी घालून ताठ बसलो होतो आणि वाट बघत होतो. कशाची, तर शांततेची. मला वाटलं, आता गप्प बसतील आणि माझी पाळी येईल. कोणी गप्प बसलं नाही. शेवटी एक फट सापडली तेव्हा मी आवाज लावला आणि हिंदीत सुरुवात केली, की आपल्या देशाचे थोर नेते म्हणतात, शिक्षण नुसत्या पुस्तकांनी पुरं होत नाही. शेजारचा हरियाणाचा मुलगा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "भाई, फोटो पे बोल ना. तुझे क्या दिखा?"

मला काय दिसलं ते मला माहीत नव्हतं. मी चित्राकडे नीट पाहिलंच नव्हतं. पाहताना मी मनात भाषणाची जुळणी करत होतो. मी पुन्हा नेत्यांचं वाक्य धरलं, कोणीतरी हसलं, आणि वेळ संपली. दुपारी राहिलेल्यांचे नंबर वाचले त्यात माझा नव्हता. एका बसमध्ये भरून आम्हाला स्टेशनवर सोडलं. बसमध्ये माझ्या शेजारी जळगावचा एक मुलगा होता. तो दुसऱ्यांदा आला होता. म्हणाला, "गेल्या टायमाला पाच दिवस टिकलो होतो बरं का. मेडिकलला उडवलं. तळवे सपाट निघाले. या टायमाला तर पहिल्याच दिवशी." आणि हसला. त्याच्या घरी तो काय सांगणार होता कोणास ठाऊक. त्यानं मला त्याच्या डब्यातली चटणी-भाकरी दिली, आणि मी त्याच्याकडून आणखी एक गोष्ट घेतली, ती त्याला न सांगता. पाच दिवस टिकल्याचं पटावं म्हणून मी उरलेले दिवस स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत काढले. शंकरपाळे खात.

परत आलो तेव्हा संध्याकाळ होती आणि गॅलरीत वीसेक माणसं होती. अण्णा पुढे आले. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त माझ्या हातातली बॅग घेतली. ते विचारत नव्हते म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

"सगळं पास झालो," मी म्हणालो. "मेडिकलला अडलं. तळवे सपाट आहेत म्हणाले."

अण्णांनी श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याच्या खाली सुटका होती, ती मी स्पष्ट पाहिली. मुलगा कमी पडला नव्हता. बुद्धी कमी पडली नव्हती, धैर्य कमी पडलं नव्हतं. पाय होते, पायांचं कोण काय करणार.

नेनेकाकू जिना चढून वर आल्या होत्या, पदरानं घाम टिपत. त्या म्हणाल्या, "पाय लहानपणीच घडतात हो. भाजल्यावर मडक्याला आकार देता येतोय का? याला न्हाऊ कोणी घातलं होतं?"

फिलूमावशी शेवटच्या खोलीकडून येत होती, हातात झाकलेली बशी होती. ती थांबली. आई म्हणाली, "मी तापात होते तेव्हा. मला काही शुद्ध नव्हती."

"मीच घातला," फिलूमावशी म्हणाली. "सगल्यांना घालते तसा."

"नाही, मी दोष देत नाही," नेनेकाकू म्हणाल्या. "तुमच्यात पद्धत वेगळी असेल."

"पद्धत तुज्या सासूनं शिकवली मला, नेनेबाय. तुज्या पोराला घातला तवा मी बाजूला बसून शिकली."

एरवी या उत्तरावर अख्खी गॅलरी हसली असती. कोणी हसलं नाही. सगळे अण्णांकडे बघत होते. अण्णा सज्जन माणूस. आयुष्यात त्यांनी कोणाला टाकून बोललेलं मी ऐकलं नाही. ते बॅगेच्या बंदाकडे बघत म्हणाले, "जाऊ द्या. झालं ते झालं. एखादी जाणकार बाई बघायला हवी होती, आपणच चुकलो."

फिलूमावशीनं आईकडे पाहिलं. आईनं खाली पाहिलं. मी तिथंच उभा होतो, चार पावलांवर. माझ्या पायांत ते नवीन बूट होते. एका वाक्याचं काम होतं, आणि वाक्यं बोलण्यात तर मी हुशार समजला जायचो. फिलूमावशीनं बशी कठड्यावर ठेवली आणि ती परत गेली. बशीत तिनं माझ्यासाठी केलेले फुगिया होते, पिठाचे तळून फुगवलेले गोल गोळे. ते मी नंतर खाल्ले. भूक लागली होती.

दोन महिन्यांनी नेन्यांच्या सुनेला मुलगा झाला. ज्या सकाळी त्या बाळाला पहिलं न्हाणं घालायचं, त्या सकाळी फिलूमावशी लवकर उठून, केस घट्ट बांधून, तेलाची वाटी कोमट करून दारात बसली होती. मी शाळेच्या जुन्या वह्या रद्दीसाठी बांधत गॅलरीत बसलो होतो, म्हणून मला दिसलं. नऊच्या सुमारास ठाकूरद्वारची एक बाई जिन्यानं आली आणि खाली नेन्यांकडे गेली. थोड्या वेळानं मोरीतून बाळाचं रडणं वर आलं. फिलूमावशी ऐकत बसली. एकदा तिचे हात मांडीवर आपोआप हलले, उजवा डाव्याला तेल लावत असल्यासारखे. मग तिनं ती वाटी आत नेली. त्यानंतर आमच्या चाळीत तिला कोणी बोलावलं नाही. कोणी भांडलं नाही, कोणी ठरवलं नाही. नुसतं बोलावलं नाही.

आई तिच्याकडे जायची बंद झाली असं नाही. साखर मागायला जायची, सणाला ताट पाठवायची. पण दोघी पूर्वी दुपारी गॅलरीत पाय सोडून बसायच्या आणि तेरेसाच्या लग्नाचं, जॉनकाकांच्या खोकल्याचं, माझ्या अभ्यासाचं बोलायच्या, ते थांबलं. आई भाजी निवडायला घरात बसू लागली.

त्याच दिवसांतली एक सकाळ आहे. गॅलरीच्या टोकाला सामायिक न्हाणीघर होतं. मी आंघोळ करून निघालो, ओल्या पायांनी, टॉवेल खांद्यावर टाकून, फिलूमावशीच्या दारावरून. ती उंबऱ्यावर बसून सोडे साफ करत होती. मी पुढे गेलो आणि ती म्हणाली, "थांब."

मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, लादीकडे बघत होती. शहाबादी लादीवर माझ्या ओल्या पावलांची रांग उठली होती. प्रत्येक पाऊल स्वच्छ: बोटं, चवडा, बाहेरच्या कडेनं एक बारीक वळण, आणि टाच. मधला खळगा कोरडा होता. दोन्ही पायांचा. पाठ्यपुस्तकात चित्र काढावं तसा.

तिनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती हाक मारणार. नेनेकाकूंना, आईला, अण्णांना. मारायलाच हवी होती. खालून अण्णांच्या वहाणांचा आवाज जिन्यात ऐकू येत होता, ते दूध घेऊन येत होते. फिलूमावशी उठली, दारामागचं पोतेरं घेतलं, आणि गुडघ्यांवर बसून ती पावलं एकेक करत पुसून काढली. अण्णा वर आले तेव्हा लादी कोरडी होती.

"काय सांडलं, फिलूबाई?" अण्णांनी विचारलं.

"पानी. कोन घसरून पडल म्हनून पुसली."

अण्णा गेल्यावर ती मला म्हणाली, "पाय पुसून येत जा, बाला." बस. पुन्हा सोडे साफ करायला बसली.

मी तिच्या त्या बोलण्याचा अर्थ कसा लावला ते लिहायला हवं. त्यात संताप नव्हता, टोमणाही नव्हता. तिला वाटलं असणार की मी घाबरून पळून आलो, आणि घाबरलेल्या पोराला झाकायचं असतं. जे मूल तिच्या पायांवरून गेलं ते तिच्या मते तिचंच होतं. आणि मी काय केलं, तर त्या दिवसापासून रोज न्हाणीघराच्या दारात पाय कोरडे करून बाहेर पडायला लागलो. तिनं मला कबूल करायला अवधी दिला होता, आणि मी तो परवानगी म्हणून वापरला.

पुढचं आयुष्य नेहमीसारखं गेलं. बी.कॉम., बँक, लग्न. अण्णा जाईपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, "लेखी पास झाला होता, पायांनी घात केला." ते अभिमानानं सांगायचे. मला मुलगी झाली तेव्हा मी आईला चाचरत म्हटलं, "फिलूमावशीला विचारू या का?" खरं सांगायचं तर मला न कबूल करता भरपाई करायची होती. आई म्हणाली, "नको रे. मुलीची जात. पायांत काही वाकडं राहिलं तर?" मी वाद घातला नाही. फिलूमावशी बाळ बघायला आली, फुलाफुलांच्या झग्यात, खूप वाळलेली. तिनं बाळाला घेतलं नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून पाळण्यावर वाकली, पायांकडे बघितलं, आणि म्हणाली, "बरा हाय."

आता त्या चाळीच्या जागी उंच इमारत आहे आणि आम्ही तिच्या अकराव्या मजल्यावर राहतो. सोसायटीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये अधूनमधून कोणत्यातरी नेत्याचं भाषण येतं, की शिक्षणाआधी प्रत्येक तरुणाला सैन्यात पाठवा, मग बघा देश. लोक तावातावानं भांडतात, दोन्ही बाजूंनी. एकदा लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी मला विचारलं, "तुमचं मत काय?" मी म्हणालो, "विचार करावा लागेल." ते हसले, त्यांना वाटलं मी टाळतोय. पण मी खरंच विचार करत होतो. त्या गोल बसलेल्या मुलांत माझ्याकडे स्वतःचं मत नव्हतं, आणि पन्नाशीला आलो तरी त्या विषयावर मला दुसऱ्याचीच वाक्यं सुचतात.

फिलूमावशी दोन वर्षांपूर्वी गेली. चर्चमधून परत आल्यावर आई खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "सोन्यासारखी बाई. हात तेवढे चांगले नव्हते बिचारीचे." मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. भोपाळचं, जळगावच्या मुलाचं, धर्मशाळेचं, लादीवरच्या पावलांचं. आईनं मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐंशीच्या पुढची बाई, मला वाटलं तिला पुरतं कळलं नसेल.

मग ती म्हणाली, "मी तिच्यासोबत बसणं सोडलं."

"हो."

"मला दुसरी मैत्रीण नव्हती रे, श्रीपाद." मग तिनं विचारलं, "तेरेसा कुठं असते?"

तेरेसा शीव कोळीवाड्यात दिली होती. पुढच्या रविवारी आई मला घेऊन गेली, म्हणजे टॅक्सीत मी तिला हात धरून बसवलं, पण घेऊन गेली तीच. अरुंद गल्ली, दारात वाळत घातलेली जाळी, आणि एका बैठ्या घराच्या ओटीवर तेरेसा. केस पिकलेले, चेहरा फिलूमावशीसारखा. तिनं चहा टाकला. आई म्हणाली, "आधी याचं ऐक." मी सांगितलं. वाक्यं नीट जुळत नव्हती, मागचं पुढे होत होतं. तेरेसा कपबशी हातात धरून ऐकत होती.

"मम्मीला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो. तिनं स्वतः पुसलं."

"माझा मुलगा झाला तेव्हा पण माहीत होतं?"

तिला उत्तर नको होतं. ती म्हणाली, "तुमच्या चाळीतली गोष्ट इथपर्यंत आली होती. माझ्या सासूनं मम्मीला माझ्या पोराला हात लावू दिला नाय. मम्मी चाळीस दिवस इथं राहिली. भांडी घासली, कपडे धुतले. बाळाचं न्हाणं निघालं की ती बाहेर जाऊन बसायची, त्या तिथं, ओट्याच्या कोपऱ्यात." तिनं बोट दाखवलं. "मी तिला म्हणायची, तू काय तरी बोल. ती बोलायची, जाऊ दे गो, अण्णांचा पोर बँकेत साहेब होनार हाय, कशाला त्याला."

आईनं डोळे मिटून घेतले. तेरेसानं कप खाली ठेवला. उठून आत गेली आणि एका फार म्हाताऱ्या बाईला धरून बाहेर घेऊन आली. तिला खाटेच्या कडेला बसवलं आणि तिच्या पाठीशी उशी लावली.

"माझ्या सासूबाई," ती म्हणाली. "यांच्यासमोर बोला. कमी ऐकायला येतं. मोठ्यानं बोलायला लागेल."

दार उघडं होतं. गल्लीत दोन बायका टोपल्या ठेवून बोलत होत्या, समोरच्या ओट्यावर पुरुष पत्ते खेळत होते. मी उभा राहिलो आणि बोललो. म्हातारीनं कानामागे हात धरला आणि मान हलवली, की ऐकू आलं नाही. मी पुन्हा बोललो, आणखी मोठ्यानं. फिलूमावशीचे हात चांगले होते. माझे पाय चांगले होते. मी खोटं बोललो. पत्ते खेळणारे थांबले. गल्लीतल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मंग आता मी काय करू?" तिनं विचारलं.

"काय नको करू," तेरेसा म्हणाली. "आयकून ठेव."